अनंत माने यांचा तमाशापट : वग, लावणी आणि जन्मरहस्य

मराठी चित्रपटाच्या चर्चेत अनंत माने (१९१५-१९९५) यांचे नाव प्रायः एका आकड्यासह येते : ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. आकडा उच्चारला की समीक्षेचे कर्तव्य जणू संपते. ‘धंदेवाईक’ हे वर्णनपर विशेषण आपल्याकडे निकालासारखे वापरले जाते, आणि एकदा निकाल लागल्यावर संहिता वाचण्याची गरज कोणाला वाटावी?

वस्तुतः ही संहिता वाचण्याजोगी आहे. तिच्या पटकथेशी व्यंकटेश माडगूळकरांचे, गीतांशी ग. दि. माडगूळकरांचे, तर संगीताशी वसंत पवारांचे नाव निगडित आहे. तमाशाचे विश्व पडद्यावर आणणारा हा पहिला चित्रपट नव्हे. ‘लोकशाहीर राम जोशी’ (१९४७) त्यापूर्वीचा. परंतु तेथे केंद्रस्थानी शाहीर, म्हणजे पुरुष कवी आहे. मान्यांच्या चित्रपटाचे शीर्षकच स्त्रीचे उद्गारवचन आहे. ‘सांगत्ये’ हे बोलीतले स्त्रीलिंगी क्रियारूप, आणि ‘ऐका’ ही समोर बसलेल्या जमावाला केलेली आज्ञा. गावच्या पाटलाने केलेला अन्याय तमाशातली स्त्री त्याच गावात, बोर्डावरून, गावासमोर सांगते. गण, गवळण, बतावणी, लावणी यांनंतर येणाऱ्या वगाचे कार्य हेच असते : रंजनासाठी जमलेल्या श्रोत्यांना कथेचे साक्षीदार करणे. लावणीचे आकर्षण विकता विकता माने यांनी वगाचे हे निवेदनतत्त्व चित्रपटाच्या कळसाला आणून बसवले. त्यातील अभिनेत्री हंसा वाडकर यांनी पुढे आपल्या आत्मकथनालाही हेच शीर्षक द्यावे, आणि त्यावरून श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ (१९७७) आकाराला यावा, यातून त्या उद्गाराची ताकद कळते.

मात्र या उद्गाराला मर्यादा घालणारे सूत्रही त्याच कथेत आहे. जयश्री गडकर यांनी साकारलेली चिमा जन्माने तमाशातली नाही. एका शेतकरी कुटुंबाच्या विध्वंसातून ती फडात पोहोचते. जन्मरहस्य ही मेलोड्रामाची जुनी युक्ती; पण येथे तिला जातीय अर्थ प्राप्त होतो. प्रत्यक्ष तमाशा ज्या महार, मांग, कोल्हाटी समाजांनी जगवला, त्यांच्यातली स्त्री बोलणारी म्हणून नायिकापदी येत नाही. प्रेक्षकाची सहानुभूती निःशंक मिळावी म्हणून तिचा जन्म आधी ‘शुद्ध’ करून घ्यावा लागतो. ही तडजोड एकट्या मान्यांची होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल; तिकीटबारीवर उभ्या असलेल्या मध्यमवर्गाचाही तीत वाटा होता.

‘केला इशारा जाता जाता’ (१९६५) आणि शंकर पाटलांच्या कथेवरील ‘एक गाव बारा भानगडी’ (१९६८) हे या दिग्दर्शकाचे नंतरचे यश. ‘मानिनी’ (१९६१) सारखा कौटुंबिक पटही त्यांचाच, हे तमाशापटाच्या शिक्क्याखाली झाकून जाते. परंतु ग्रामीण साहित्याच्या अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यावे असा प्रश्न वेगळाच आहे. माडगूळकर आणि शंकर पाटील यांचे पटकथालेखन त्यांच्या कथांच्या तुलनेत उपजीविकेचा उद्योग म्हणून बाजूला सारले जाते. पण नवशिक्षित वाचकाच्या कितीतरी पलीकडचा श्रोतृवर्ग त्यांच्या संवादांना येथेच लाभला. ग्रामीण कथेच्या पुस्तकी इतिहासात हा श्रोता अनुपस्थित राहतो.

‘पिंजरा’ (१९७२) हा व्ही. शांतारामांचा चित्रपट, पण कथा मान्यांची आणि संवाद शंकर पाटलांचे. तेथे तमाशा सांगणारा उरत नाही; तो मास्तरांच्या अधःपाताचे निमित्त होतो. ज्या कथाकाराने स्त्रीला ‘ऐका’ म्हणण्याचा अधिकार दिला, त्याच्याच कथेत आता ऐकवण्याचे काम नीतीकडे गेले आहे. आनंद यादवांच्या कादंबरीवरील ‘नटरंग’ (२०१०) मध्ये, रवी जाधव यांच्या दिग्दर्शनाखाली, नाच्याचे सोंग घेणारा पुरुष कथेचा धनी होतो. तेथेही फडातली स्त्री बाजूला, नाचताना दिसते.