‘ला रेखेंता’ : नांवाचा अर्थ

लेओपोल्दो आलास ऊर्फ क्लारिन यांची ‘ला रेखेंता’ ही स्पॅनिश कादंबरी १८८४-८५ सालीं दोन भागांत प्रसिद्ध झाली. टीकाकार तिची तुलना बहुधा ‘मादाम बोव्हारी’शीं करतात आणि व्यभिचाराच्या कथानकापाशींच थांबतात. आमच्या मतें या कादंबरीची किल्ली तिच्या नांवांत आहे.

‘रेखेंते’ म्हणजे प्रांतिक वरिष्ठ न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश. ‘रेखेंता’ हें त्याचें स्त्रीलिंगी रूप. परंतु नायिका आना ओथोरेस न्यायासनाची पायरी कधींच चढलेली नाहीं. ती केवळ त्या पदावरील गृहस्थाची पत्नी; आणि तो गृहस्थहि आतां निवृत्त झालेला! पतीचें पद गेलें, तरी पत्नीवरील उपाधि कायम राहिली. सारें व्हेतुस्ता शहर तिला त्या उपाधीनें ओळखतें व तिच्या आचरणावर डोळा ठेवतें. पहिला सबंध भाग अवघ्या तीन दिवसांच्या हकीकतींत खर्ची पडतो. हा पाल्हाळ कित्येकांना कंटाळवाणा वाटेल. परंतु शहराच्या त्या नजरेचें ओझें वाचकालाहि जाणवतें तें त्यामुळेंच. आलास स्वतः ओव्हिएदो विद्यापीठांत कायद्याचे प्राध्यापक होते. न्यायालयीन पदव्यांचें वजन त्यांना ठाऊक असणारच.

हा दोष स्पॅनिश व्याकरणाचा, असें कोणी म्हणेल. पण तें खरें नव्हे. ‘आबोगादो’ म्हणजे वकील. त्याचें ‘आबोगादा’ हें स्त्रीलिंगी रूप कॅथॉलिक प्रार्थनेंत कुमारी मेरीला उद्देशून शतकानुशतकें योजिलें जात आहे. म्हणजे स्वर्गांत स्त्री-वकील होती. पृथ्वीवरील न्यायालयांत मात्र तिला जागा नव्हती. ‘ख्वेथ’ म्हणजे न्यायाधीश, आणि ‘ख्वेथा’ म्हणजे पूर्वीं त्याची बायको. स्पेनमध्यें न्यायाधीश होण्यास स्त्रियांना असलेली बंदी १९६६ च्या कायद्यानें उठली. आज ‘ख्वेथा’ म्हणजे स्वतः निवाडा देणारी स्त्री. तिच्यासाठीं ‘ला ख्वेथ’ व ‘ला ख्वेथा’ हीं दोन्ही रूपें स्पॅनिश अकादमीला मान्य आहेत. शब्द तोच राहिला. बदलली ती स्त्रीची स्थिति.

मराठी वाचकाला हें नवल वाटूं नये. ‘वकिलीणबाई’ म्हणतांच आपल्या आजीच्या डोळ्यांपुढें वकिलांची पत्नीच उभी राहत असे. स्वतः वकिली करणारी स्त्री नव्हे. प्रत्यय भाषा पुरविते, पण त्यांत कोणता अर्थ भरावयाचा हें समाज ठरवितो. एवढें ध्यानांत ठेवून ‘ला रेखेंता’ वाचावी, म्हणजे आनाच्या पतनापेक्षां तिला चिकटलेली ती उसनी उपाधिच अधिक करुण वाटेल.