थॉरचा हातोडा जेन फॉस्टरच्या हाती

चित्रकथांतील पुरुष नायकांची स्त्रीरूपे नवी नाहीत. सुपरगर्ल १९५९ची, शी-हल्क १९८०ची. मात्र एक मूळ नायकाची चुलत बहीण, दुसरी आतेबहीण; दोघींची नावेही नायकाच्या नावावरूनच घडलेली. मार्व्हलच्या २०१४च्या ‘थॉर’ मालिकेत लेखक जेसन आरन आणि चित्रकार रसेल डॉटरमन यांनी याहून धीट पाऊल उचलले. मूळ थॉर हातोडा उचलण्यास अपात्र ठरतो, एक मुखवटाधारी स्त्री तो उचलते आणि हातोड्यावरील मजकुरातले सर्वनामही स्त्रीलिंगी होते. इंग्रजीत हा बदल एका सर्वनामावर भागतो. मराठीत वा उर्दूत मात्र ‘थॉर आली’ म्हणताना क्रियापदच साक्ष देते.

ती जेन फॉस्टर आहे, हे २०१५मध्ये उघड होते. तिला स्तनाचा कर्करोग आहे. थॉर होताना हातोड्याची जादू तिच्या शरीरातील केमोथेरपीचे औषध विष समजून काढून टाकते. कर्करोग तेवढा शिल्लक राहतो. इतरांना वाचवण्याची प्रत्येक खेप तिला मृत्यूजवळ नेते. माझ्या मते या कथेचे खरे बळ येथे आहे. लिंगबदल येथे पोशाखापुरता उरत नाही.

आक्षेप नावाबद्दल आहे. मूळ नायक स्वतःचे नाव तिला देतो आणि केवळ ‘ओडिनसन’ म्हणून, म्हणजे पित्याच्या नावाने, उरतो. हे औदार्य मोठेच. परंतु जेनचा पराक्रम परक्या नावाच्या खाती जमा होतो. २०१८मध्ये तिची कारकीर्द संपताच नाव मूळ मालकाकडे परतते. ‘वाल्किरी’ हे वेगळे बिरुद तिला २०१९मध्ये मिळाले.