न वाचतां आलेलीं अक्षरें

प्रवासवर्णनांत सौंदर्याची वाखाणणी वाचावयास मिळाली म्हणजे तिच्यांत त्या देशाचा गुण किती व प्रवाशाच्या अज्ञानाचा वांटा किती, हा प्रश्न वाचकानें स्वतःस विचारावा असें आम्हांस वाटतें. लाफ्काडिओ हर्न याचा ‘ग्लिम्प्सेस ऑफ अन्फॅमिलियर जपान’ हा १८९४ सालचा द्विखंडात्मक ग्रंथ या दृष्टीनें फार बोधप्रद आहे.

१८९० च्या एप्रिलांत हर्न योकोहामास उतरला. पहिल्या दिवसाच्या वर्णनांत त्याचें चित्त हातांत धरण्याजोग्या वस्तूंवर विशेष रमतें: दांतकोरण्यांच्या पुडक्याचें रंगीत अक्षरांचें वेष्टन, रिक्षा ओढणाऱ्याच्या निळ्या पंचावरील उडत्या चिमण्या. हर्नचा एक डोळा कुमारवयांतच गेलेला आणि दुसरा अधू. जवळचें तेवढेंच त्याला स्पष्ट दिसे. ही उणीव येथें गुणावह ठरली असें आम्हीं म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. रोजच्या वापरांतील वस्तुही देखणी असावी, हा तेथील कारागिरांचा कटाक्ष त्यानें अचूक टिपला.

परंतु दुकानांच्या पाट्यांवरील अक्षरें त्याला सजीव चित्रांसारखीं भासलीं, याचें एक कारण तीं त्याला वाचतां येत नव्हतीं हेंही आहे. जपानी मनुष्यही सुलेखनाचा रसिक असतो, हें खरें. मात्र त्याला रेषेबरोबर अर्थही दिसतो.

पुढें मात्सुए येथें हर्न इंग्रजी शिकवूं लागला, आणि वर्णनाचा सूर पालटला. तेथील पहांट तो प्रथम कानांनीं जाणतो: तांदूळ सडणाऱ्याच्या मुसळाचे ठोके, देवळाची घंटा, मग शिंजी सरोवरावरील धुकें, सूर्यवंदन करणाऱ्यांच्या टाळ्या आणि पुलावरून जाणाऱ्या लांकडी खडावांचा नाद. देखावा मनोहर आहेच. पण आतां त्यांत राबणारीं व प्रार्थना करणारीं माणसें आहेत.

१८९६ सालीं जपानी प्रजाजन होऊन हर्न कोइझुमी याकुमो झाला. १९०४ सालीं, म्हणजे मृत्यूच्याच वर्षीं, निघालेल्या ग्रंथांत त्यानें एका जपानी मित्राचा अभिप्राय सांगितला आहे. आपणांस हे लोक कळले नाहींत ही जाणीव हाच ज्ञानाचा आरंभ, असा त्याचा आशय.

योकोहामाचें प्रकरण अधिक गोड आहे, मात्सुएचें अधिक खरें. जपानांत पंधरा दिवस काढून ग्रंथ लिहूं पाहणाऱ्या आमच्या लेखकांनीं पहिलें अवश्य वाचावें. अनुकरण मात्र दुसऱ्याचें करावें.