काव्यवाट, बोली आणि पाटी : भुसावळ परिसराच्या निमित्ताने

कवींच्या स्मारकाचा विचार आपल्याकडे बहुधा व्यक्तीपासून सुरू होतो आणि व्यक्तीपाशीच संपतो. जन्मस्थान, पुतळा आणि जन्ममृत्यूचे सन कोरलेली शिळा एवढ्यावर स्मरणाचे कार्य पार पडले असे मानण्यात येते. याहून निराळी कल्पना म्हणजे काव्यवाटेची. गावात पायी हिंडण्याजोगी एक वाट आखावी आणि तिच्या कडेला त्या प्रांतातील कवींच्या रचना व तेथील वृक्ष-पक्षी यांची एकत्र ओळख करून द्यावी, असे तिचे स्वरूप असते. भुसावळ येथे अशी वाट आखावयाची झाल्यास तिच्यावर काय लिहावे, हा प्रश्न वरवर पाहता नगररचनेचा वाटतो. वस्तुतः तो पाठचिकित्सेचा आणि बोलीविज्ञानाचा आहे. प्रस्तुत लेखात त्याचा या अंगाने विचार करावयाचा आहे.

भुसावळ हे रेल्वेने वाढविलेले गाव. परंतु त्याच्या भोवतीचा प्रदेश मराठी कवितेच्या इतिहासात गौण नाही. केवळ कवितेस वाहिलेले ‘काव्यरत्नावली’ हे मासिक नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ मध्ये जळगावी सुरू केले आणि ते १९३५ पर्यंत चालले. केशवसुत काही काळ फैजपूर येथे शिक्षक होते. बालकवी ठोमरे १८९० मध्ये धरणगावी जन्मले; बहिणाबाई चौधरी १८८० मध्ये आसोद्यास जन्मल्या आणि जळगावी नांदल्या. सुरतेकडून येणारा लोहमार्ग धरणगावावरून जातो, आणि जळगाव-भुसावळ यांच्या दरम्यान भादली हे स्थानक लागते. तेथेच ५ मे १९१८ रोजी बालकवींचा रेल्वे अपघातात अंत झाला. वाटेच्या आखणीत या स्थळाचा मोह पडणे स्वाभाविक आहे. तथापि मृत्यूचे स्थळ एकदा केंद्रस्थानी आले की कवीची प्रत्येक उदास ओळ त्या अपघाताची पूर्वसूचना म्हणून वाचली जाऊ लागते, आणि चरित्र कवितेवर कुरघोडी करते. भादलीचा उल्लेख अवश्य असावा. पण वाटेचा शेवट तेथे नसावा.

काव्य आणि निसर्ग यांची सांगड या भागास नवी नाही. १९०७ साली जळगावी भरलेल्या कविसंमेलनाचे अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञ होते. भारतीय औषधी वनस्पतींवरील त्यांचा बृहद्ग्रंथ आजही संदर्भासाठी पाहिला जातो. त्र्यंबक बापूजी ठोमरे या सतरा वर्षांच्याही न झालेल्या मुलास ‘बालकवी’ ही पदवी मिळाली ती याच संमेलनात. म्हणजे वनस्पतींची नावे निश्चित करणाऱ्या अभ्यासकाच्या अध्यक्षतेखालीच निसर्गकवीचे नामकरण झाले. काव्यवाटेवरील पाटीसमोर हाच नामकरणाचा प्रश्न उभा राहतो.

उदाहरणार्थ, बालकवींच्या सर्वपरिचित कवितेचे नाव ‘औदुंबर’ आहे. खेड्यातील माणूस या झाडास उंबर म्हणतो. शास्त्र त्यास फायकस रेसेमोसा म्हणते. ‘औदुंबर’ या तत्सम शब्दाबरोबर दत्तसंप्रदायाचे पावित्र्य आणि एक प्रकारचे स्तब्ध गांभीर्य येते. ‘उंबर’ या शब्दाबरोबर ‘उंबराचे फूल’ हा दुर्मिळतेचा वाक्प्रचार येतो. कवीने यांपैकी पहिला शब्द निवडला, ही केवळ छंदाची सोय नव्हे, ती त्याच्या काव्यदृष्टीची खूण आहे. पाटीवर एकच नाव लिहिल्यास ही निवड वाचकास दिसणारच नाही. तिन्ही नावे शेजारी असतील, तर झाडाखाली उभ्या असलेल्या विद्यार्थ्यास शैलीविचाराचा पहिला धडा आपोआप मिळेल.

याहून कठीण उदाहरण बहिणाबाईंचे. सुगरणीच्या घरट्यावरील त्यांची रचना शाळकरी मुलांसही ठाऊक आहे. तीत घरटे विणणारी पक्षीण आहे, आई आहे. पक्षिशास्त्र सांगते की या जातीत घरटे विणतो तो नर. मादी ते पारखून घेते आणि मग आतून सजविते. एकाच पाटीवर कविता आणि शास्त्रीय माहिती दिली की हा विरोध उघडा पडणार. कवयित्रीची चूक दाखवून द्यावी काय? तसे करणे अरसिकपणाचे होईल, आणि माहिती दडपणे अप्रामाणिकपणाचे. मुळात पक्ष्याचे ‘सुगरण’ हे मराठी नावच स्त्रीलिंगी आहे, आणि त्याचा अर्थ गृहकृत्यदक्ष स्त्री असा आहे. कवितेच्या आधी भाषेनेच त्या पक्ष्यास आई केले होते. बहिणाबाईंनी त्या नावातील सुप्त रूपक जागे केले. पाटीवर एवढे सांगितले, तर काव्य आणि शास्त्र या दोहोंचाही मान राहील.

आता बोलीचा प्रश्न. बहिणाबाईंची भाषा पुष्कळदा सरसकट ‘अहिराणी’ म्हणून सांगण्यात येते. या गैरसमजाचे एक कारण ध्वनींत आहे. ळ-च्या जागी य येणे, ‘डोळा’चे ‘डोया’ होणे, हे दोन्ही बोलींत आढळते. परंतु अहिराणीत षष्ठीचा प्रत्यय ना-नी असा असून ‘माझा’ऐवजी ‘मना’ असे रूप येते; बहिणाबाईंच्या लेवा गणबोलीत चा-ची हा मराठी प्रत्ययच आहे. ग्रिअर्सननेही आपल्या भाषासर्वेक्षणात खानदेशीचा समावेश मराठीच्या खंडात न करता १९०७ च्या भिल्ली भाषांच्या खंडात केला होता. तेव्हा पाटीवरील एका चुकीच्या शब्दाने दोन बोलींवर अन्याय होतो. एकीचे श्रेय जाते, आणि दुसरीची ओळख पुसट होते. रेल्वेच्या पाटीवर आपण ‘भुसावळ’ वाचतो. ज्या शेतकऱ्याच्या तोंडी ते ‘भुसावय’ होते, त्याचे उच्चारण निदान काव्यवाटेवर तरी अशुद्ध ठरू नये.

बहिणाबाईंस अक्षरओळख नव्हती. त्यांनी म्हटलेल्या ओव्या घरच्यांनी ऐकून टिपल्या. १९५१ मध्ये त्या निवर्तल्यावर १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह संग्रह प्रसिद्ध झाला. म्हणजे मुखातील शब्द आधी कानात, मग कागदावर, मग छापात गेला. दगडावर कोरणे ही चौथी पायरी होय, आणि प्रत्येक पायरीवर रूपे ‘सुधारण्याचा’ धोका असतो. दगडावरील सुधारणा तर पुढील पिढीस मूळ पाठ वाटू लागते. मालगुंडच्या केशवसुत स्मारकात शिळांवर कविता कोरल्या आहेत. तेथे कवीची भाषा प्रमाण मराठी असल्याने हा प्रश्न उद्भवत नाही. अधिक उद्बोधक उदाहरण हॉलंडमधील लायडन शहराचे आहे. १९९२ ते २००५ या काळात तेथील भिंतींवर शंभराहून अधिक कविता रंगविल्या गेल्या, आणि त्या आपापल्या मूळ भाषेत व लिपीत. रशियन कविता रशियन लिपीतच आहे. ती न वाचता येणारा नागरिकही ‘ही निराळी भाषा आहे’ एवढे तरी ओळखतो.

यावर असा आक्षेप येईल की, भुसावळात रेल्वेमुळे अनेक प्रांतांचे लोक राहतात. त्यांना बोली कळणार नाही. आक्षेप रास्त आहे. पण त्याचे उत्तर बोली बदलणे हे नव्हे. कविता मूळ रूपात असावी आणि प्रमाण मराठीतील अर्थ तिच्याखाली लहान अक्षरात द्यावा. शक्य तेथे ती स्थानिक स्त्रियांच्या आवाजात ऐकण्याची सोय करावी, कारण ओवीचे वजन डोळ्यांस कळत नाही.

अशी वाट तापीच्या बाजूने जावी हे उचित. उंबर पाण्याजवळ फोफावतो, आणि भुसावळच्या वैशाखात सावलीवाचून कोणी चार पावलेही चालणार नाही. परंतु झाडे लावण्यापूर्वीचे एक काम आपल्या विभागाचे आहे. भुसावळ, यावल, रावेर या तालुक्यांतील वृक्ष, पक्षी, पिके आणि शेतीची अवजारे यांची बोलीतील नावे गावोगाव जाऊन, उच्चार ध्वनिमुद्रित करून गोळा करावी लागतील. मोट गेली तशी मोटेच्या प्रत्येक भागाची नावेही चालली आहेत. ती सांगणारी माणसे आता म्हातारी झाली आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी येत्या दोन उन्हाळ्यांत एवढा शब्दसंग्रह सिद्ध केला, तर वाटेवरील पाट्यांचा मजकूर त्यातून निघेल. वाट झाली नाही, तरी संग्रह उरेल.