नटाचें अर्धें पुस्तक

स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले कीं आमच्या ग्रंथालयांतील एक पुस्तक कपाटांतून नाहींसें होतें. रशियन नट व नाट्यशिक्षक कॉन्स्टंटिन स्तानिस्लाव्स्की यांचें 'अॅन अॅक्टर प्रिपेअर्स' हें तें पुस्तक. नाटकांत काम करूं पाहणारा प्रत्येक हौशी तरुण तें वाचतो, निदान चाळतो; आणि पुस्तक परत येतें तेव्हां त्याचीं पानें बहुधा एकाच जागीं मळलेलीं असतात. ती जागा म्हणजे भावस्मृतीवरील नववें प्रकरण. स्वतःच्या आयुष्यांतील दुःख आठवावें म्हणजे भूमिकेंतील दुःख आपोआप उमटेल, एवढाच मथितार्थ तेथून उचलला जातो. यंदां 'एकच प्याला'मधील सुधाकराचा प्रवेश करणाऱ्या एका विद्यार्थ्यानें तालमींत खरोखरचे अश्रु ढाळले. पण तिसऱ्या रांगेंत बसलेल्या आम्हांस त्याचें एक वाक्य धड ऐकूं आलें नाहीं. तसें सांगतांच तो किंचित् दुखावून म्हणाला, "पण सर, मला तें आंतून जाणवत होतें!" तो खोटें बोलत नव्हता. म्हणूनच हें पुस्तक आम्हीं पुन्हां एकवार सबंध वाचून काढलें.

स्तानिस्लाव्स्की (१८६३–१९३८) हे नुसते उपदेशक नव्हते. १८९८ सालीं नेमिरोविच-दान्चेंको यांच्यासह त्यांनीं मॉस्को आर्ट थिएटर स्थापिलें आणि त्या रंगभूमीवर अनेक वर्षें स्वतः भूमिका केल्या. त्यांच्या शिकवणुकीचा उगम त्यांच्या एका अपयशांत आहे, आणि तेंही कीर्ति मिळाल्यानंतरच्या अपयशांत. इब्सेनच्या 'एनिमी ऑफ द पीपल'मधील डॉक्टर स्टॉकमन ही त्यांची १९०० सालची गाजलेली भूमिका. पुढें १९०६ च्या उन्हाळ्यांत फिनलंडमध्यें विश्रांति घेत असतां त्यांच्या ध्यानीं आलें कीं, स्टॉकमनची चाल, हातवारे, नजर हें सारें आपण जसेंच्या तसें करीत आहों. मात्र ज्या अनुभवांतून तें प्रथम निघालें, तो अनुभव केव्हांच आटून गेला आहे. नांवाजलेल्या नटानें स्वतःविरुद्ध अशी साक्ष द्यावी, हें आम्हांस त्यांच्या कोणत्याही सिद्धान्ताहून मोलाचें वाटतें.

पुस्तक रोजनिशीच्या रूपांत आहे. तोर्त्सोव्ह हा कल्पित गुरु व कोस्त्या हा कल्पित शिष्य. हा कोस्त्या पहिल्याच तालमीस उशिरां पोंचून सर्वांदेखत बोलणीं खातो, आणि घरीं चॉकलेट व लोणी कालवून तोंडाला फांसून ऑथेल्लो होऊं पाहतो. परंतु सबंध ग्रंथाचा प्राण तिसऱ्या प्रकरणांतील एका लहानशा प्रसंगांत आहे. मारिया नांवाच्या विद्यार्थिनीला गुरु एक प्रसंग कल्पून देतो : मैत्रिणीनें दिलेला एक ब्रूच पडद्याच्या चुणींत टोंचलेला आहे, तो सांपडला तरच तुझ्या शिक्षणाचा खर्च भागेल. मारिया रंगमंचावर सैरावैरा धांवते, दोन्ही हातांनीं डोकें धरते, पडदा घट्ट पकडून त्यांत तोंड खुपसते, आणि खालीं येते ती हर्षानें फुलून. गुरु शांतपणें विचारतो, ब्रूच कोठें आहे? तो शोधावयाचा होता हेंच बाई विसरली होती! मग तो सांपडला नाहीं तर शाळा सोडावी लागेल, अशी खरी ताकीद तिला मिळते. आतां ती एकेक चूण मुकाट्यानें उलगडून पाहते. चेहऱ्यानें कांहींच 'करीत' नाहीं. आणि पाहणाऱ्यांचे डोळे तिच्यावरून हलत नाहींत. दोहोंपैकीं आवडलें कोणतें, म्हणून विचारलें तर ती मात्र पहिल्याचेंच नांव घेते.

आमच्या सुधाकरानें नववें प्रकरण मळविण्याआधीं हें तिसरें वाचावयास पाहिजे होतें. दारू प्यालेला मनुष्य रडूं पाहत नसतो. आपण शुद्धीवर आहों असें दाखवूं पाहतो, तोल सांवरूं पाहतो, शब्द नीट उच्चारूं पाहतो. सुधाकराचा ब्रूच तेथें आहे.

तथापि सगळा दोष विद्यार्थ्याच्या माथीं मारणें न्याय्य नव्हे. हें पुस्तक मुळांतच अर्धें आहे. लेखकाच्या मनांत ग्रंथ एकच होता. फार मोठा होईल म्हणून त्याचे भाग पाडावे लागले. अंतरंगाचा भाग १९३६ सालीं इंग्रजींत निघाला. आवाज, उच्चार, विराम, आघात, शरीराचा लवचिकपणा, लय यांविषयींचा उरलेला भाग 'बिल्डिंग ए कॅरॅक्टर' या नांवानें इंग्रजी वाचकांच्या हातीं पडला तो १९४९ सालीं. तेरा वर्षें लोक पूर्वार्धालाच पूर्ण ग्रंथ समजून बसले. अमेरिकेंत तर भावस्मृतीचें वेड त्याआधींच शिरलें होतें. स्टेला अॅडलर यांनीं १९३४ सालीं पॅरिसमध्यें स्तानिस्लाव्स्कींची प्रत्यक्ष गांठ घेतली व परतल्यावर ली स्ट्रासबर्ग यांनीं त्या स्मृतीवर दिलेल्या भराला उघड विरोध केला. दोन्ही भाग एकत्र असणारा जीन बेनेडेटी यांचा अनुवाद २००८ मध्यें प्रसिद्ध झाला. आमच्या ग्रंथालयांत मात्र पूर्वार्धच आहे.

ग्रंथाचे दोषही सांगितले पाहिजेत. तोर्त्सोव्ह कधीं चुकत नाहीं, आणि शिष्य त्याला हवे तेच प्रश्न विचारतात; फिनलंडमध्यें स्वतःला दोष देणारा मनुष्य हाच कां, असें क्षणभर वाटतें. शिवाय पाल्हाळ पुष्कळ आहे.

आमच्या संगीत नाटक मंडळ्यांतील नटांना ध्वनिवर्धकाशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोंचवावा लागे, म्हणून तालमींत शब्दाला मोठें स्थान असे. उत्तरार्धाचा धडा त्यांना आधींपासून पाठ होता. मात्र प्रेक्षकांकडे तोंड करून पद रंगवितांना शेजारीं उभ्या असलेल्या पात्राचा पुष्कळांना विसर पडे. म्हणजे त्यांचाही ब्रूच हरवलाच. एकाजवळ कंठ, दुसऱ्याजवळ कळवळा, अशी ही वांटणी कोणा आचार्यानें केलेली नाहीं. ती आळसानें झाली आहे.

गेल्या आठवड्यांत आम्हीं त्या विद्यार्थ्यास आमच्याजवळची उत्तरार्धाची प्रत दिली, आणि रिकाम्या सभागृहांत शेवटच्या बांकावर जाऊन बसलों. त्यानें तोच प्रवेश पुन्हां म्हटला. अश्रु आले नाहींत. तीन वाक्यें स्पष्ट ऐकूं आलीं, चौथें पुन्हां गिळलें गेलें. आम्हीं तेथूनच ओरडून तें पुन्हां म्हणावयास सांगितलें.