लाल दिव्याखालचे गाणे

आमच्या राजेश्वरात रेडिओ लावताना भाषा निवडावी लागत नसे, काटा फिरवावा लागे. गुलबर्ग्यावर कानडी, हैदराबादेवर तेलुगू आणि उर्दू, आणि दिवस मावळला की खरखरीतून हळूहळू वर येणारी मराठी. कधी परभणी, कधी पुणे, नशीब असेल तर मुंबईसुद्धा. मध्यम लहरी रात्री आभाळातल्या थरावरून परतून लांबवर पोचतात, हे शास्त्र पुढे शाळेत कळले. लहानपणी एवढेच ठाऊक होते, की कानडी दिवसभर असते आणि मराठी रात्री येते.

या लेखात मला बोलायचे आहे ते रेडिओवरच्या एका विशिष्ट गाण्याविषयी: स्टुडिओत गायक गातो आहे आणि त्याच क्षणी ते आपल्या घरात ऐकू येते आहे, अशा गाण्याविषयी. आकाशवाणीच्या संग्रहातली जुनी गाणी आता तबकड्यांवर निघाली, फोनवरही ऐकू येतात. त्यांच्याविषयी लिहिले जाते ते बहुधा ‘काय आवाज! काय तयारी!’ एवढेच. पण बैठकीतल्या आणि ग्रामोफोनच्या गाण्याला आपण जशी वेगवेगळी मापे लावतो, तसे याही गाण्याला वेगळे माप हवे. कारण तो एक स्वतंत्र प्रकार होता, असे माझे मत आहे.

मुंबईचे नभोवाणी केंद्र १९२७ साली सुरू झाले, पुण्याचे १९५३ साली. सुरुवातीच्या काळात ध्वनिफितीची चैन नव्हती. कलावंताने केंद्रावर यायचे, सकाळी सकाळचा राग गायचा, तिथेच कुठे विसावायचे आणि रात्री पुन्हा रात्रीचा राग गायचा, अशी रीत होती. जाड दाराची, भिंतीला आवाज शोषणारे अस्तर लावलेली खोली. समोर घड्याळ. निवेदकाने नाव उच्चारले की लाल दिवा लागे, आणि त्यानंतर खोकलासुद्धा गावोगावी पोचे. ‘वाहवा’ म्हणायला समोर कोणी नाही. साथीदाराची मान डोलली तर तेवढीच दाद.

या खोलीचा धाक काय असतो, हे मला आमच्या धाकट्या काकांमुळे कळले. काका गावच्या भजनात गात. एकादशीला तुकोबांचा अभंग आणि बसवजयंतीला बसवण्णांची वचने, दोन्ही त्याच आवाजात आणि त्याच पेटीवर. कल्याण आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे बसवण्णा काही कोणाला परके नव्हते. सत्तरच्या दशकात एका केंद्रावर काकांची स्वरचाचणी झाली आणि त्यांना पंधरा मिनिटे मिळाली. त्या संध्याकाळी अर्धी गल्ली आमच्या ओसरीवर होती. काकांनी आधी वचन धरले आणि भजनात धरतात तसेच धरले: एकेक ओळ चार-चार वेळा, मधे आलाप, मधे बोलताना. अभंगाचे पहिले चरण संपते न संपते, तोच आवाज हलकेच मावळला आणि निवेदक पुढच्या कार्यक्रमाचे नाव सांगू लागला. ओसरीवर कोणी बोलेना. शेवटी आजी म्हणाली, “अरे, तुकोबा दारातच राहिले की!”

चूक काकांचीच होती, आणि त्यांनी ती कबूलही केली. दोन वर्षांनी पुन्हा बोलावणे आले, तेव्हा घरातले भिंतीवरचे घड्याळ उतरवून आम्हा पोरांच्या हाती दिले गेले. महिनाभर रोज रात्री तालीम. काय कापायचे, यावर काका आणि आबा तासन्‌तास वाद घालीत. आबांचे म्हणणे, ताना ठेव, त्यानेच छाप पडते. काकांनी ताना काढल्या आणि शब्द ठेवले. वचनातला कोणता शब्द दुसऱ्यांदा म्हटल्याने अर्थ वाढतो आणि कोणता नुसताच घोळतो, याचा निवाडा त्या महिन्यात झाला. त्या दिवशी वचनही पुरे झाले, अभंगही. मी काकांचे गाणे त्याआधी आणि नंतर शेकडो वेळा ऐकले. पण इतके नेमके कधीच नाही.

आता बैठकीशी ताडून पाहा. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात दत्तजयंतीच्या दरबारात गाणे रात्रभर चालते. माणिकप्रभूंनी स्वतः मराठी, कानडी आणि हिंदी-उर्दूतही पदे रचली, त्यामुळे त्या दरबारात भाषेची अडवणूक कधीच नव्हती. तिथे गवई श्रोत्यांची नाडी पाहून राग वाढवतो, एखादी जागा रंगली तर तिथेच रमतो. उलट जुनी ग्रामोफोनची तबकडी: एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे, त्यात रागाचा अर्क तेवढा मावे, आणि बिघडले तर पुन्हा मुद्रण करता येई. स्टुडिओतले थेट गाणे या दोहोंच्या मधले. राग उलगडायला पुरेसा वेळ, पण उधळायला नाही. आणि चुकले तर पुसायची सोय नाही. म्हणून गायकाला आधीच ठरवावे लागे, की या रागातले मला मुख्य काय वाटते. ज्याच्यापाशी याचे उत्तर तयार असे, त्याचे रेडिओवरचे गाणे उजळून निघे.

मल्लिकार्जुन मन्सूरांचे उदाहरण घ्या. अण्णा धारवाड आकाशवाणीचे संगीत सल्लागार होते. जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायकीत बंदिशीला लवकर हात घालायचा आणि राग तिच्या अंगानेच उलगडायचा, ही चाल मुळातच आहे. अप्रचलित जोडरागही अण्णा प्रस्तावना न करता समोर ठेवीत. ही गायकी थोड्या वेळात अपुरी वाटत नाही. भीमसेन जोशी १९४३ साली मुंबईत नभोवाणीचे कलावंत म्हणून काम करीत होते. त्यांची पुढची गायकी विस्ताराची. पण कितीही मोठ्या विस्तारात षड्जाचा तोल न सुटणे, ही रेडिओचीही शिकवण असावी, असे मला वाटते. शिवाय १९४० साली नभोवाणीवर पेटीला बंदी आली, ती १९७१ च्या सुमारास थोडीफार सैल झाली. पेटीवाल्यांवर तो अन्यायच होता. पण त्या काळातल्या गाण्यात तंबोरे आणि सारंगी यांच्यामध्ये गळा जसा उघडा ऐकू येतो, तसा एरवी क्वचितच.

स्टुडिओच्या शिस्तीने संबंध एक ग्रंथ कसा घडवला, याचा दाखला म्हणजे ‘गीतरामायण’. पुणे केंद्रावर १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला ते सुरू झाले आणि १९५६ च्या रामनवमीपर्यंत चालले. आठवड्याला एक नवे गीत. त्या वर्षी अधिक मास आल्याने बावन्नाची छप्पन झाली. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांना ‘सुचेल तेव्हा देऊ’ म्हणण्याची मुभा नव्हती. रेडिओवर ते अनेक कंठांतून आले: रामाचे शब्द फडक्यांच्या, सीतेचे माणिक वर्मांच्या, कौसल्येचे ललिता फडक्यांच्या आवाजात. पुढे तबकड्यांवर आणि रंगमंचावर बाबूजींनी सगळी पात्रे एकट्याने गायिली. तो पराक्रम खराच, आणि आज आपल्या कानांत तोच आवाज बसला आहे. पण मूळचे गीतरामायण ही बोलक्या पात्रांची सभा होती, आणि तिच्यासाठी माणसे आठवडाभर थांबत. हे विसरून त्याची समीक्षा करणे म्हणजे नाटक पुस्तकात वाचून प्रयोगावर लिहिणे होय.

परदेशातही अडचणीतूनच असले गाणे उगवलेले दिसते. बीबीसीवर तबकड्या किती वेळ वाजवायच्या यावर पूर्वी मर्यादा होती, म्हणून वादकांना स्टुडिओत बोलवावे लागे. जॉन पील या निवेदकाने १९६७ पासून २००४ पर्यंत अशा शेकडो नवख्या मंडळींना वाजवायला लावले. आपल्याकडे फितीची टंचाई, त्यांच्याकडे वादक संघटनेचा आग्रह. फळ मात्र एकाच जातीचे.

अर्थात या प्रकाराचे दोष मी झाकणार नाही. घड्याळाला कला कळत नाही. भजनात ओळ चार वेळा म्हणतात ती वेळ भरायला नव्हे. सगळ्यांच्या तोंडी ती बसावी म्हणून. काकांच्या दुसऱ्या गाण्यात नेमकेपणा आला, पण मागची दहा माणसे गेली. १९५२ पासून स्वरचाचणी आणि श्रेणी यांची पद्धत आली, तिनेही शिस्त आणली. पण लेखी विद्या नसलेले किती खेडवळ गळे तिच्या चाळणीतून खाली राहिले असतील! हे सारे मान्य करूनही मला त्या गाण्याची ओढ आहे, आणि तिचे कारण केवळ सांगीतिक नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले, जहिराबाद आणि नारायणखेड आंध्रात, आणि आम्ही म्हैसूर राज्यात. मामा एका राज्यात, आत्या दुसऱ्या. शाळेची भाषा, कचेरीची भाषा यांवर घरोघरी वाद झाले, अजूनही होतात. रेडिओ लागला की ते थांबत. धारवाडकडचा कानडी गवई मराठी अभंग गाई, तेव्हा आजी डोळे पुसे. तोच पुढे कानडी पद गाई, तेव्हा शेजारच्या अक्का. गाणे कोणाचे, असे कोणी विचारले नाही. ते त्या क्षणी घडत होते आणि पुन्हा ऐकू येणार नव्हते, म्हणून वाद घालायला सवडच नव्हती.

काकांच्या त्या दुसऱ्या गाण्याचे ध्वनिमुद्रण आमच्यापाशी नाही. आता माझ्या नातवाच्या फोनवर मन्सूरांचा कोणताही राग दोन मिनिटांत येतो, आणि आवडला नाही तर तितक्याच झटकन जातो. त्याला मी एवढेच सांगतो: एखादे जुने प्रसारण निवेदकाच्या पहिल्या वाक्यापासून शेवटापर्यंत ऐक, मधे पुढे सरकवू नकोस, आणि शक्य तर घरातल्या चार माणसांना बसवून ऐक. मागच्या दिवाळीत त्याने तसे केले. अर्धा तास कोणी उठले नाही. गाणे संपल्यावर सून कानडीत काहीतरी म्हणाली, मुलगा मराठीत म्हणाला, आणि दोघांचे म्हणणे एकच होते.