नांगराशिवाय उभी होडी

भातसा जलाशयात नांगर टाकायचा तर तो गमावण्याची तयारी ठेवावी लागते. धरण ८८ मीटर उंच. त्यामागे बुडालेल्या खोऱ्यात शेतांचे बांध आहेत, दगडगोटे आहेत, झाडांचे बुंधे आहेत. नांगर यातल्या कशात तरी अडकला की दोर कापून मोकळं व्हायचं. शिवाय पाण्याची खोली वर्षभर एक राहत नाही. श्रावण-भाद्रपदात तलाव काठोकाठ भरतो आणि वैशाखापर्यंत मुंबईला पाणी देता देता पार उतरतो, त्यामुळे दिवाळीत पुरलेला दोर शिमग्याला भलताच लांब वाटतो. गंमत अशी की मासा असतो तो याच अडगळीपाशी. मरळ बुंध्याच्या आडोशाला, वाम दगडांच्या फटीत. म्हणजे जिथे होडी थांबवायची, तिथेच नांगराला जागा नाही.

या पेचावर नवं उत्तर म्हणजे जीपीएसवर होडी धरून ठेवणारी ट्रोलिंग मोटर. बटण दाबलं की होडी आहे तिथे उभी. दोर नाही, साखळी नाही, तळाशी काहीच संबंध नाही. दुकानदार हिची ताकद सांगतात, किती पौंड रेटा ते. मला हिचं कौतुक वाटतं ते हिच्या संयमाचं. चांगली मोटर किती जोर लावते यापेक्षा कुठे जोर लावायचा टाळते, तिथे तिची खरी कारागिरी कळते.

आधी जुन्या कसबाकडे पाहू, म्हणजे नव्याची किंमत नीट लागेल. थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा ट्रकच्या ट्यूबवर बसून मासे धरणारा माणूस जागा लक्षात ठेवतो ती खुणांनी. काठावरचं सावरीचं झाड आणि त्यामागचा सुळका एका रेषेत आले पाहिजेत. दुसऱ्या बाजूला एखादी टेकडीची खिंड आणि तिच्याखालचं घर. दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात तीच जागा. शहापूरकडे माहुलीचे सुळके अशा कामासाठीच उभे केल्यासारखे आहेत. मुरबाडकडे सिद्धगड, गोरखगड आहेत. यात एक बारकावा आहे. दोन खुणांमधलं अंतर जितकं जास्त, तितकी रेष काटेकोर. लांबचा सुळका आणि जवळचं झाड असेल तर होडी चार हात सरकली तरी जोडी फुटलेली डोळ्याला दिसते. जागा कळल्यावर होडी तिथे टिकवायची ती वल्ह्याच्या हलक्या फटक्यांनी, आणि पाणी उथळ असेल तर तळात रोवलेल्या बांबूने. एक हात गळाला आणि एक हात वल्ह्याला. मोटरीला याच दोन गोष्टी करायच्या आहेत, जागा ओळखायची आणि तिथे टिकायचं.

विजेवरची ही मोटर काही आजची नाही. अमेरिकेत नॉर्थ डकोटामधल्या फार्गो इथे ओ. जी. श्मिट यांनी १९३४ मध्ये फोर्ड मॉडेल ए गाडीचा स्टार्टर काढून त्याला लवचीक दांडा आणि पंखा जोडला. मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा या शेजारच्या राज्यांच्या नावांवरून पुढे मिन कोटा ही कंपनी नावारूपाला आली. पण होडी जागेवर धरण्याचं काम त्या मोटरीला साधणं शक्य नव्हतं, कारण जागा सांगणारं आभाळ अजून नव्हतं. जीपीएस आल्यावरही मे २००० पर्यंत अमेरिकी सरकार नागरी वापराच्या संकेतांत मुद्दाम चूक मिसळत असे. ती चूक शंभर मीटरपर्यंत जाई. शंभर मीटर म्हणजे गळ टाकणाऱ्यासाठी सगळा तलावच. ती चूक थांबवली गेली आणि मगच या मोटरीला खरा जन्म घेता आला.

मोटर होडीच्या कुठल्या टोकाला बसते, हे पहिलं पाहावं. ती नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला बसते. मागून ढकलण्यापेक्षा पुढून ओढणं का बरं? वारा आला की पुढून ओढलेली होडी आपोआप वाऱ्याकडे तोंड करते, मागचा भाग वाऱ्यामागे लोंबतो आणि होडीची सगळ्यात अरुंद बाजू वाऱ्याला सामोरी येते. मोटर मागे असती तर नाळ वाऱ्याने उडून होडी आडवी झाली असती आणि सबंध कुशीवर वारा घेत बसली असती. शहापूरच्या मोकळ्या पाण्यावर उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो, तेव्हा हा फरक अंगावर येतो. निम्मं काम वाऱ्याकडूनच करून घेणारी ही बैठक मला फार देखणी वाटते.

दुसरा बारकावा सहसा नजरेतून सुटतो. जीपीएसला होडी कुठे आहे ते कळतं, पण ती कुठे तोंड करून उभी आहे ते कळत नाही. चालत्या गाडीची दिशा तिच्या वाटेवरून काढता येते. थांबलेल्या होडीला वाटच नसते. म्हणून चांगल्या मोटरीत वेगळं इलेक्ट्रॉनिक होकायंत्र असतं. ते नसेल तर होडी सरकल्याचं कळतं, पण पंखा कुठे वळवायचा हे अंदाजाने ठरतं, आणि होडी जागेभोवती घुटमळत राहते. होकायंत्र आलं की पंखा नेमका वळतो. मात्र त्याच्या जवळ लोखंडी डबा, स्पीकर किंवा बॅटरी ठेवली की त्याची गणितं बिघडतात. विकत घेताना नाळेवर काय काय ठेवायचं आहे याचा विचार आधी करावा.

आता संयमाकडे येऊ. मोकळ्या आभाळाखाली साध्या जीपीएसची जागा चार-पाच मीटर इकडेतिकडे असते. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी उभारलेली ‘गगन’ ही दुरुस्तीची यंत्रणा घेणारा रिसीव्हर असेल तर चूक आणखी कमी होते. तरीही आकडा क्षणोक्षणी थोडा थरथरतो. मोटरीने त्या प्रत्येक थरथरीला उत्तर दिलं तर पंखा सतत वळत राहील, दांडा फिरवणारा गिअर करकरेल आणि तो आवाज पंख्याच्या आवाजाहून मोठा असतो. चांगली मोटर म्हणून एक छोटं वर्तुळ मनात धरते. त्याच्या आत होडी डुलली तर डुलू देते. बाहेर सरकू लागली की मगच हलका रेटा देते, आणि तो रेटाही होडीच्या वाहण्याचा वेग पाहून, केवळ अंतर पाहून नव्हे. डोक्यावर हंडा घेऊन पांदीतून येणारी बाई प्रत्येक हेलकाव्याला मान वळवत नाही, पण हंडा सुटेल असा झोक आला की क्षणात सावरते. या मोटरीचा सगळा हिशेब तसाच आहे.

इथेच आणखी एक बारकावा आहे, जो मला सगळ्यात आवडतो. जीपीएसची चूक एका क्षणात उड्या मारत नाही, ती मिनिटांमध्ये सावकाश सरकते. त्यामुळे थोडा वेळ एका जागी उभं राहायचं असेल तर होडी चुकीच्याच पण जवळजवळ त्याच जागेला चिकटून राहते, आणि गळ टाकणाऱ्याला ती अगदी खिळवल्यासारखी वाटते. पण तीच जागा साठवून आठवड्याने परत गेलात तर दोन-तीन मीटर बाजूला उभे राहाल. बुंध्याच्या शेजारी आणि बुंध्यावर यात फरक आहे. त्यावर उपाय म्हणजे होडी एका बटणासरशी थोडी सरकवण्याची सोय. मिन कोटाच्या मोटरीत हे पाऊल ५ फुटांचं, म्हणजे दीड मीटरचं आहे. आणि सावरीचं झाड नि सुळका यांची जोडी अशा वेळी पुन्हा कामी येते. यंत्राने जवळ आणायचं, शेवटचे दोन हात डोळ्यांनी जुळवायचे.

विजेच्या बाबतीत रस घ्यावा असा एक जुना नियम आहे. पंख्याचा रेटा निम्मा केला तर वीज निम्मी लागत नाही, जवळजवळ एक तृतीयांशच लागते. ५५ पौंड रेट्याची, १२ व्होल्टची मोटर पूर्ण जोराला सुमारे ५० अँपिअर खाते. म्हणजे १०० अँपिअर-तासाची बॅटरी दोन तासांत संपावी. पण निम्म्या रेट्यात तीच अठरा-वीस अँपिअरवर येते, आणि वारा नसताना त्याहून बरीच कमी. जुन्या पाच गतींच्या मोटरीत उरलेली वीज तारेच्या वेटोळ्यात तापून वाया जाई. आताच्या मोटरी वीज क्षणाक्षणाला तुकडे पाडून देतात, वाया जवळजवळ काहीच जात नाही. शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणून हिशेब निम्म्यावरच मांडावा. लिथियमची बॅटरी महाग, पण तिचं वजन निम्म्याहून कमी असतं. छोट्या होडीत हा फरक पायाखाली जाणवतो.

निवड करताना तीनच गोष्टी पाहाव्यात. रेटा होडीच्या भरल्या वजनाच्या दोन टक्के असावा असा सर्वसाधारण दंडक आहे. दोन माणसं, जाळं, बॅटरी धरून ५०० किलोची होडी असेल तर दहा किलो, म्हणजे सुमारे २२ पौंड पुरतात. पण हा दंडक शांत पाण्याचा आहे. दुपारच्या वाऱ्यासाठी ५५ पौंड घ्यावेत, तेही जोरासाठी नव्हे, तर मोटर अर्ध्याहून कमी जोरात आरामात चालावी म्हणून. दुसरी गोष्ट दांड्याची लांबी. पंखा निदान फूटभर पाण्याखाली राहिला पाहिजे. लाटेत नाळ वर उठली तेव्हाही. पंखा हवेत आला की तो ओरडतो आणि त्या एका आवाजाने आसपासचा मासा दूर जातो. आपल्या होडीची नाळ पाण्यापासून किती उंच आहे ते होडी भरून, माणसं बसवून मोजावं. रिकाम्या होडीवर मोजलेला आकडा फसवतो. तिसरी गोष्ट परवानगी. तलाव पिण्याच्या पाण्याचा आहे, मासेमारीचा हक्क ठेक्याने दिलेला असतो. पेट्रोलच्या इंजिनाचा थेंबही पाण्यात नको, तिथे विजेची मोटर शोभते, पण शोभणं म्हणजे मुभा नव्हे. पाणी ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना आधी विचारावं.

मोटर, बॅटरी ठरल्यावर तारेची जाडी बघायला विसरू नये. बॅटरी होडीच्या मधोमध आणि मोटर नाळेवर असते, आणि पातळ तारेतून ५० अँपिअर नेले की टोकाला व्होल्टेज पडतं. मग चांगल्या मोटरीचा संयमही उपयोगी पडत नाही. तिला रेटा हवा असतो त्या क्षणी तो मिळत नाही. जाड तांब्याची तार आणि बॅटरीजवळच ६० अँपिअरचा ब्रेकर, एवढं दोन्ही घरी आल्यावर लगेच बसवून घ्यावं.